म्हशीच्या सिनेमाला किती

झोप लागत नाही, आणि पुरती जागही राहत नाही. श्रावणातली दुपार आहे. समोरच्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर मी आडवी झाले आहे. गादी गुंडाळून ठेवली आहे, म्हणून कॉटच्या पट्ट्या पाठीला टोचतात. मी कूस बदलते, पुन्हा बदलते. पंखा फिरतो, पण त्याचा वारा माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच कुठेतरी वळून जातो. पायाशी माझी भरलेली बॅग आहे. थोड्या वेळाने प्रमिलाताई येतील, माझ्या नणंद, मला अकोल्याला घेऊन जायला. 'एकटी काहून राहतेस आता तिथे,' असं त्या चैत्रापासून म्हणताहेत. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांनी आपापला लावून घेतला आणि बॅग भरली गेली. मीच भरली.

डोळे मिटले की पायांना मुंग्या येतात. उघडले की भिंत जरा जवळ सरकलेली दिसते.

"कुंदा, झोपली का?"

आवाज खिडकीजवळच्या खुर्चीतून येतो. मामाजी बसले आहेत. मामाजी म्हणजे माझे सासरे, तुळशीराम उमाळे. परतवाड्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. चैत्रात गेले. ते गेले हे मला माहीत आहे, आणि ते खुर्चीत बसलेत यातही मला काही वावगं वाटत नाही. एकच गोष्ट खटकते. ते माझ्याकडे बघताहेत. काचबिंदूने त्यांची नजर गेली त्यानंतर ते नेहमी माझ्या आवाजाकडे तोंड करायचे, माझ्या कानाच्या जरा बाजूला बघितल्यासारखे. आता नेमके माझ्या डोळ्यांत बघताहेत.

"नाही," मी म्हणते. "पडलेय नुसती."

"मंग सांग. कोणता पाहिला?"

हा प्रश्न मला किती वर्षं पाठ आहे.

माझे यजमान, सुधाकर, चिखलदऱ्याच्या घाटात जीप उलटून गेले तेव्हा मी तिशी नुकतीच ओलांडली होती. मूलबाळ नाही. त्यानंतर वर्षभर मी फाटकाबाहेर पाय टाकला नाही. कोणी टाकू नको म्हणत नव्हतं, टाक असंही म्हणत नव्हतं. मामाजींची नजर तेव्हा पार गेलेली. एका शुक्रवारी जेवता जेवता ते म्हणाले, "चौकातल्या टॉकीजला नवीन सिनेमा लागून राहिला म्हणे. मले नेऊन काय फायदा. सूनबाई, तू पाहून ये, अन् मले सांग." सासूबाई तेव्हा होत्या. त्यांचा घास हातातच राहिला. गल्लीतले लोक तर महिनाभर बोलत होते. विधवा सून एकटी दुपारच्या शोला जाते म्हणजे काय. मामाजी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि जो विचारेल त्याला सांगायचे, "मीच पाठवली. माझे डोळे घेऊन गेली ती."

मी परत आले की पायही धुवू द्यायचे नाहीत. सगळा सिनेमा पहिल्यापासून सांगायचा. साडी पिवळी होती म्हटलं तर विचारायचे, "कोणती पिवळी? हळदीची का शेवंतीची?" खोलीत उजेड कुठून येत होता, हिरो रडला तेव्हा त्याची सावली कुठल्या भिंतीवर पडली होती. मला आठवलं नाही तर रागवायचे, म्हणून मी बघायला शिकले. आणि शेवटी, पोरांच्या चित्रकलेच्या वहीवर द्यावेत तसे, दहापैकी मार्क द्यायचे. चार. पाच. फार झालं तर साडेसहा.

"म्हशीचा पाहिला," मी म्हणते. "अमरावतीला लागला होता. मागच्या आठवड्यात गेले होते. कोणाला सांगितलं नाही."

"मीही पाहिला."

"तुम्ही? कुठे?"

"समोरच बसून. पडद्याच्या पार नाकाशी."

आणि आम्ही टॉकीजमध्ये आहोत. खुर्च्यांच्या जागी शाळेचे बाक आहेत, खाली शेंगांची टरफलं. पडद्यावर पाणी चाललंय, गढूळ, पडद्याच्या खालच्या कडेवरून ओघळून आमच्या पायांपर्यंत येतंय. मी साडी वर धरते. मामाजी धरत नाहीत. त्यांच्या धोतराचा सोगा भिजतो आणि ते पुढे वाकून बघत राहतात, डोळे एवढे मोठे करून, की त्यांच्याकडे बघावं का पडद्याकडे ते मला कळत नाही.

पडद्यावर ती बाई चालते आहे. तिच्या गावाला पूर येऊन गेलाय, तिची म्हैस वाहून गेलीय, आणि पाणी उतरल्यावर ती नदीकाठानं गावोगाव म्हैस शोधत निघालीय. सिनेमाभर एवढंच आहे. ती चालते, लोकांना विचारते, रात्री कोणाच्या तरी ओसरीवर झोपते, सकाळी पुन्हा चालते.

"तीन," मामाजी म्हणतात.

"अजून संपला कुठे?"

"मी पाहिला ना एकदा. म्हशीसाठी दोन तास. अन् त्यातही चूक केली. तीन दिले हेच पुष्कळ. तू किती देते?"

मला हे कोणी कधी विचारलेलं नाही. मी सांगायची आणि मार्क ते द्यायचे, असंच होतं. 

"तुम्ही द्याल तेवढे," मी म्हणते.

ते माझ्याकडे वळतात. पडद्याचा निळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर आहे. "मी माझे दिले. तुझे विचारून राहिलो."

मी उठते. मला पाणी प्यायचंय, मला घरी जायचंय, ताई येऊन बसल्या असतील. बाकांच्या मधून वाट काढत दाराशी येते आणि दार उघडते, तर पलीकडे चित्रकलेचा वर्ग आहे. दुपारचं ऊन कौलांतून खाली आलंय. सगळी पोरं खाली मान घालून चित्रं काढताहेत, आणि एक बाक रिकामा आहे तो माझा. मी बसते. समोर कोरा कागद. मामाजी हात मागे बांधून रांगांमधून फिरताहेत. ते जवळ येताहेत हे मला त्यांच्या चपलांच्या आवाजावरून कळतं. मी पन्नाशीची बाई आहे, हे मी मनातल्या मनात म्हणते. पन्नाशीची बाई. पेन्सिलीला टोक नाही.

ते माझ्या बाकाशी थांबतात. "काय काढलं?"

"काही नाही सुचत."

"मी तुले कधी सातही काहून नाही दिले, माहीत आहे?"

"मला नाही, सिनेमाला द्यायचा तुम्ही."

"तेच ते." ते बाकाच्या कडेवर टेकतात. गुडघे दुखायचे तसे, हळूच. "काही सिनेमे चांगले होते. तो बोटीवाला होता, तू सांगितला तेव्हा मी रात्री झोपलो नाही. त्याले मी पाच दिले."

"मला आठवतं. मला राग आला होता."

"दहा दिले असते तर तू म्हणली असती, झालं, मामाजीचं समाधान झालं. बसली असती घरी. पाच दिले की मले म्हणता यायचं, हा काही जमला नाही, पुढच्या शुक्रवारी दुसरा पाहून ये."

वर्गात कोणीच नाही. पोरं कधी गेली ते कळलं नाही. मला हे पूर्वीच कळायला हवं होतं, किंवा कळलं होतं आणि मी शब्दांत आणलं नव्हतं. त्यांना सिनेमाची भूक आहे असं मी समजत होते. मी दर शुक्रवारी त्यांच्यासाठी जात होते, पावसापाण्याची, अंगात कणकण असताना, सासूबाईंच्या तेराव्यानंतरच्या शुक्रवारीसुद्धा. 

"म्हणजे तुम्हाला सिनेमे आवडत नव्हते?" मी विचारते.

"आवडत होते ना. तुझ्या तोंडून आवडत होते." ते माझी बोथट पेन्सिल उचलून बघतात. "आता पाहून राहिलो स्वतः, तर अर्धे बेकार निघाले. नुसता गोंधळ. तू सांगायची तेव्हा बरे होते."

बाहेर हॉर्न वाजतो. एसटी सुरू झालीय. मी पायरीवर उभी आहे, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात दांडा, आणि गाडी स्टँडवरून निघत नाही, नुसती थरथरते. ते थरथरणं माझ्या दातांपर्यंत येतं. आत सगळ्या सीटवर प्रमिलाताई बसल्या आहेत. एकच ताई, प्रत्येक खिडकीत, पदर नीट करत. प्रत्येकीनं माझ्यासाठी शेजारची जागा रुमाल टाकून धरली आहे. सगळ्या प्रेमानं बघताहेत. त्यात खोटं काहीच नाही, आणि म्हणूनच मला पाय आत टाकवत नाही आणि खालीही उतरवत नाही.

मामाजी खाली फलाटावर उभे आहेत. गाडीच्या आवाजात ओरडावं लागतं तसं ते ओरडत नाहीत, तरी ऐकू येतं.

"चूक सांगू का तुले त्याची? पहिल्या म्हशीचं डावं शिंग मागे वळलेलं होतं. शेवटी जी सापडते, तिची दोन्ही शिंगं सारखी. म्हैस बदलली त्यांनी अन् कोणाच्या ध्यानातही आलं नाही. चित्र काढणाऱ्यानं असं करू नये."

"बदलली नाही," मी म्हणते.

"शिंग पाहिलं मी."

"मीही पाहिलं. ती दुसरीच म्हैस आहे, मामाजी. तशीच दाखवायची होती त्यांना."

"मंग बाई तिच्याजवळ काहून गेली?"

मी खाली उतरते. उतरायचं ठरवत नाही, बोलायला सोपं जावं म्हणून उतरते. बॅग पायरीवरच राहते. पायाखाली फलाट नाही, गवत आहे. आम्ही संत्र्याच्या बागेत उभे आहोत, झाडं खांद्याएवढी, फळांनी वाकलेली. मामाजी एका झाडाखाली बसकण मारतात आणि एक संत्रं सोलायला घेतात. साल त्यांच्या नखाखाली फुटते आणि वास येतो, असा की डोळे चुरचुरावेत.

"सांग," ते म्हणतात.

मी बसत नाही. मला बसवत नाही. मी त्यांच्यासमोर येरझारा घालत सांगते.

"ती त्या गावात पोचते तेव्हा दिवस कलत आलेला असतो. उजेड पश्चिमेकडून, गोठ्याच्या दारातून, जमिनीला लागून आत आलेला. म्हशीचे फक्त पाय उजेडात. वरची म्हैस अंधारात. घरची म्हातारी म्हणते, पुरातून आली होती, तुझी असली तर घेऊन जा बाई. ही आत जाते. तिचा हात बघितलात का तुम्ही?"

"हाताचं काय?"

"हात शिंगाकडे जातो आणि मधेच थांबतो. शिंगाला लावतच नाही ती. खाली आणते आणि मानेवर ठेवते. तिला तेव्हाच कळलेलं असतं. डावं शिंग तिनं आपल्या आधी पाहिलं."

मामाजी सोलायचे थांबले आहेत.

"मंग रडली काहून नाही?"

"रडायचं ते ती वाटेत रडून आलीय. आता नुसती उभी राहते. आपली गेली, हे तिथे, त्या दुसरीच्या मानेवर हात ठेवून तिला पटतं. आणि म्हशीला पान्हा फुटलेला असतो. कोणाची का असेना, सड तटतटलेले. म्हणून खाली बसते आणि धार काढते. चरवी म्हातारीच्या उंबऱ्याशी ठेवते आणि निघते. म्हैस नेत नाही. परत जाताना पहिल्यांदाच ती नदीकडे बघत नाही, समोर बघून चालते. बस, संपतो."

"हे मले नाही दिसलं," ते म्हणतात.

"तुम्हाला नाही दिसलं. मला दिसलं."

शब्द बाहेर पडल्यावर मला काय बोलले ते ऐकू येतं. ज्या माणसाला मी इतकी वर्षं एक एक रंग सांगितला, त्याला मी हे म्हटलं.  मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला घाबरते. पण मामाजी हसताहेत. त्यांचं हसणं खांद्यांतून यायचं, आवाज न करता, तसंच.

"हाव, खरं आहे," ते म्हणतात. "मंग आता दे."

"काय?"

"मार्क दे. इतकं भांडली तर."

झाडं हलत नाहीत. गाडीचा आवाज थांबलाय. माझ्या आत मात्र अजून कोणीतरी येरझारा घालतंय.

"आठ," मी म्हणते.

"आठ म्हणजे फार होतात."

"फार नाही. आठच."

"दोन काहून कापले?"

हे मी ठरवलेलं नव्हतं, पण उत्तर तयार असतं. "मधे एक गाणं आहे, ते नको होतं. आणि ती ज्यांच्या ओसरीवर झोपते ते सगळेच लोक चांगले आहेत. एखादा तरी तिला हाकलून देईल की नाही. देतातच लोक."

मामाजी मान हलवतात, हळू, पुष्कळ वेळ. वहीतलं एखादं चित्र त्यांना मनापासून पटलं की असंच करायचे, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. मी त्या वर्गात कधी नव्हते.

"मी तीनवरच आहे," ते म्हणतात. "पण तुझे आठ बरोबर आहेत."

मग ते हात पुढे करतात. तळव्यावर संत्र्याची फोड आहे, पांढरे धागे काढून साफ केलेली. मी घेते, तोंडात टाकते. आंबट आहे आणि मग गोड. मला विचारायचं आहे की तिकडे शेजारी कोण बसतं, सुधाकर भेटतो का, त्याला सिनेमे कुठले आवडतात. मी तोंड उघडते, आणि ते म्हणतात, "फाटक वाजलं पाहा."

फाटक वाजलं आहे. कडी लोखंडावर आपटल्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे आणि मी कॉटवर उठून बसले आहे. पाठीवर पट्ट्यांचे वळ. ऊन खिडकीतून निघून गेलंय. प्रमिलाताई दारात चपला काढताहेत, घामानं डबडबलेल्या. अकोल्यापासून उभ्यानं आल्या असणार, त्यांना खिडकी कधी मिळत नाही.

"झोपली होती का? झोप झोप. गाडीला टाइम आहे अजून." त्या आत येतात, बॅगकडे बघतात, तिचं वजन हातानं जोखून बघतात. "एवढंच? बाकीचं पुन्हा येऊन नेऊ मंग."

"ताई," मी म्हणते. "मी येत नाही."

मला वाटलं होतं हे म्हणायला मोठा आवाज लागेल. पण आवाज साधाच निघतो, जरा जड, जिभेखाली काही असल्यासारखा.

त्या बॅग खाली ठेवतात. रागवत नाहीत. माझ्याजवळ कॉटवर बसतात, आणि कॉट कुरकुरते. "काहून? काय झालं? आमच्याकडून काही चुकलं का?"

"काही चुकलं नाही. तुम्ही बोलावलंत याचं मला फार बरं वाटलं. पण मला इथेच राहायचं आहे. आधीच सांगायला हवं होतं, तेव्हा मला माहीत नव्हतं."

"अन् इथे एकटी करशील काय?"

 पुष्कळ गोष्टी सांगता येतील. "दर आठवड्याला बाहेर पडेन," मी म्हणते. "अमरावतीला जाईन. कधी तुमच्याकडेही येईन, दोन दिवस. पण बॅग भरून नाही."

ताई माझ्याकडे बघत राहतात. त्यांचे डोळे मामाजींसारखे आहेत, हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. शेवटी त्या पदरानं मान पुसतात आणि म्हणतात, "बाबा असते तर म्हणाले असते, तिचं तिले ठरवू दे." मग डोकं दाबत, "चहा तरी ठेव. डोकं ठणकून राहिलं माझं." आणि मग कपाळाला आठ्या घालून, "तोंडात काय आहे तुझ्या? अशी काय बोलते?"

"काही नाही," मी म्हणते आणि उठते.

स्वयंपाकघरात मी मोरीजवळ उभी राहते आणि बोट तोंडात घालते. जिभेखाली, दातांच्या मागे, खरंच काहीतरी आहे, बारीक, टोकदार. तळव्यावर काढते. संत्र्याची बी आहे. संत्र्यांचा मोसम अजून लांब आहे, आणि सकाळपासून मी भाकरी आणि पिठल्याशिवाय काही खाल्लेलं नाही. बीच्या टोकाला गराचा एक केशरी धागा चिकटलेला आहे, आणि ती अजून ओली आहे.